भरती-ओहोटीवरचा संसार

बोईसरच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या आपल्या कामगार बांधवांपैकी कितीजण पामच्या पुढे गेले असतील? पाम, टेंभी, कुंभवली मागे टाकले की थोड्याच वेळात खारा वारा नाकाला लागतो आणि नवापूरचा किनारा येतो. तिथून दक्षिणेकडे आलेवाडी, नांदगाव, मुरबे ही गावे. मुरब्याच्या खाडीपलीकडे सातपाटी. ही सगळी वस्ती प्रामुख्याने मांगेला, वैती आणि इतर कोळी मच्छीमारांची. आपण त्यांना बाजारात भेटतो ते फक्त भाव करण्यापुरते. टोपलीतला बोंबील आपल्या ताटात येईपर्यंत किती हात लागतात, आणि त्या प्रत्येक हाताला काय मिळते, हे वाचक बंधू-भगिनींनी एकदा समजून घ्यावे म्हणून हा लेख.

सातपाटी हे पापलेटचे गाव. इथले पापलेट परदेशात जाते. महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या सप्टेंबरात याच चंदेरी पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला. हे पापलेट सातपाटीच्या बहुतेक घरांत सणासुदीला किंवा पाहुणा आला तरच शिजते, हे ऐकून कोणाला आश्चर्य वाटेल. पण आपल्या शेतकऱ्याचेही तेच असते. चांगला माल बाजाराला आणि राहिलेला घराला.

गावाचा आधार म्हणजे तिथल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्था. बोटवाल्याला डिझेल, बर्फ, जाळे, दोर संस्था उधारीवर देते. बोट परत आली की पापलेट संस्थेत मोजले जाते, आकारानुसार त्याचे नंबर लागतात, सर्वांत मोठे ते 'सुपर'. मालाच्या पैशातून उधारी वळती होते आणि उरलेले हातात पडते. दलाल आणि सावकार यांच्या तावडीतून सुटण्याचा हाच एक मार्ग होता आणि तो या लोकांनी स्वतःच्या बळावर उभा केला. ज्यांच्याकडे जमीन नाही, तारण ठेवायला दागिना नाही, अशा माणसांनी एकत्र येऊन काय करता येते याचा हा धडा आहे. संस्थेत राजकारण नसते असे नाही, ते कुठे नसते? पण संस्था नसती तर आज तिथे बोटी उरल्या असत्या की नाही, याची शंकाच आहे.

मासेमारीच्या मुख्य दोन तऱ्हा आहेत. पापलेटसाठी दालदी जाळे. ते पाण्यात भिंतीसारखे सोडायचे आणि प्रवाहाबरोबर वाहू द्यायचे. बोट चार-सहा दिवस बाहेर राहते. दुसरी तऱ्हा डोलीची. समुद्राच्या तळात मोठाले खांब रोवायचे, त्यांना कव म्हणतात, आणि त्या कवींना पिशवीसारखे जाळे बांधायचे. उधाणाचे पाणी जोरात धावते तेव्हा बोंबील, जवळा, करंदी आपसूक जाळ्यात शिरतात. भांगाच्या दिवसांत पाणी मंद असते, तेव्हा डोलवाल्याची कमाईही मंद. या दोन तऱ्हांचे आपसात पटत नाही. वसई-उत्तनकडच्या डोलवाल्यांनी उत्तरेकडे कवी रोवत नेल्या आणि सातपाटी-डहाणूकडच्यांची वाहती जाळी त्यांत अडकून फाटू लागली, यावरून वर्षानुवर्षे तंटा चालू आहे. दोन्हीकडे कष्टकरीच. भांडण दोन गरिबांत लागते, आणि मोठी यांत्रिक जाळी ओढणारा लांबून मजा पाहतो.

या सगळ्यात खलाशाची गोष्ट कोणी फारशी लिहीत नाही. बोटीचा मालक तो नाखवा, बोट चालवणारा तांडेल आणि जाळे ओढणारा खलाशी. पूर्वी नफ्याचे वाटे पडत. बोटीचा, जाळ्याचा आणि माणसांचा वाटा असे. आता बऱ्याच ठिकाणी हंगामाचा पगार ठरतो आणि पावसाळ्यातच काही रक्कम आगाऊ दिली जाते. घरी पोरांची शाळा सुरू झालेली असते, छप्पर गळत असते, म्हणून माणूस ती घेतो. मग हंगामभर ती फेडत राहतो. आगाऊ घेतलेल्या पैशाने माणूस बांधला जातो, ही गोष्ट आपल्या समाजाला समजावून सांगायची गरज नाही. वेठ आणि सालगडी आपल्या वाडवडिलांनी भोगले आहेत.

तलासरी, डहाणूकडचे आदिवासी तरुण तर याहून लांब जातात. गुजरातमधील वेरावळ, पोरबंदर, ओखा या बंदरांतील बोटींवर ते कामाला लागतात. समुद्रात सीमेची रेघ आखलेली दिसत नाही. बोट पलीकडे गेली की पाकिस्तानची यंत्रणा ती पकडते, खलाशी कराचीच्या तुरुंगात जातात. शिक्षा संपली तरी सुटका होईल याची खात्री नसते. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांची यादी देतात. घरच्यांचे डोळे त्या यादीकडे लागलेले असतात. २०२१ च्या नोव्हेंबरात 'जलपरी' नावाच्या बोटीवर पलीकडून गोळीबार झाला, त्यात आपल्या पालघर तालुक्यातला एक खलाशी जागच्या जागी गेला. बोट कोणाची, मासा कोणाचा आणि जीव कोणाचा!

इथे जगातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. इंडोनेशियातील जावा बेटाच्या किनाऱ्यावर आपल्यासारखीच मच्छीमार गावे आहेत. किनाऱ्यावर लिलाव होतो, माल घेण्यात आणि विकण्यात बायका पुढे असतात, नफ्याचे वाटे पडतात. त्या देशाने १९६४ साली कायदा करून ठरवून टाकले की, शिडाच्या होडीवर निव्वळ उत्पन्नातला किमान ७५ टक्के आणि यंत्राच्या बोटीवर किमान ४० टक्के वाटा खलाशांचा. १९८० मध्ये तिथल्या सरकारने समुद्राचा तळ खरवडणाऱ्या ट्रॉलवर बंदी घातली, कारण लहान मच्छीमार देशोधडीला लागत होता. कायदा कागदावर किती आणि वाळूवर किती हा प्रश्न तिथेही आहे. पण खलाशाचा हक्क कायद्याच्या भाषेत लिहिला गेला, हे थोडे नव्हे. आपल्याकडे तो मालकाच्या शब्दावर आणि गावच्या रूढीवर चालतो. महाराष्ट्रात २०२५ च्या एप्रिलमध्ये मासेमारीला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्यातून बोटमालकाला कर्जाची, विजेची सवलत मिळेल. खलाशाच्या पदरात काय पडेल, हे त्याने मागितल्याशिवाय ठरणार नाही.

आणि बायका? पुरुष मासा आणतो, पण त्याचे पैसे बाई करते. बोट लागायची वेळ घड्याळावर नसते, भरतीवर असते. सातपाटीची खाडी गाळाने भरत चालली आहे, भरती आल्याशिवाय बोटींना आत येता येत नाही. मग मध्यरात्र असो की पहाट, टोपल्या घेऊन बायका धक्क्यावर उभ्या. निवडणे, धुणे, बर्फ लावणे, आणि पहाटेची गाडी. लोकल डहाणूपर्यंत आली ती २०१३ च्या एप्रिलमध्ये. त्याआधी मोजक्या गाड्या होत्या आणि मालडब्यात उभे राहायला जागा नसे. आजही या बाया मालडब्यातच दिसतात, कारण वास आला की बाकीचे लोक नाक मुरडतात. टोपलीला शिवू नये असे वागणारे तोच मासा घरी नेऊन चवीने खातात. हे नाक मुरडणे कुठल्या जातीचे आहे, ते आपण बरोबर ओळखतो.

आता आपल्या दाराशी येऊ. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. खाडीत मासा मरून वर आला, विहिरीचे पाणी रंगीत झाले, अशा तक्रारी या पट्ट्यात जुन्याच आहेत. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि २०२२ च्या जानेवारीत लवादाने इथल्या कारखान्यांवर प्रदूषणापोटी मोठ्या रकमा बसवल्या. या कारखान्यांत काम करणारे आपणच आहोत. कारखाना बंद पडावा असे आपल्याला वाटणार नाही, आणि मच्छीमारालाही आपली नोकरी जावी असे वाटत नाही. त्याचे म्हणणे एवढेच की पाणी नीट शुद्ध करून सोडा. जे रसायन त्याच्या जाळ्यात जाते तेच आधी आपल्या फुप्फुसात जाते, तेव्हा ही मागणी कामगाराने आपल्या युनियनमध्येही मांडायला हवी.

तारापूरची अणुवीज १९६९ साली सुरू झाली. पुढच्या विस्तारात पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. आता डहाणूजवळ वाढवणचे मोठे बंदर येत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याचे भूमिपूजन झाले. खर्च ७६ हजार कोटींच्या घरात. मच्छीमारांचा विरोध आहे, कारण तिथल्या खडकाळ उथळ समुद्रात मासा वाढतो. दुसरीकडे आपल्या वस्त्यांतल्या पोरांना नोकरीची आस आहे. नोकरी कोणाला, कोणत्या शिक्षणावर आणि कायम की कंत्राटी, हे आधी लेखी मागून घ्यावे.

१ जून ते ३१ जुलै समुद्र बंद असतो. मासा अंडी घालतो आणि समुद्र खवळतो म्हणून. त्या दिवसांत जाळी विणली जातात आणि घरे सुक्या मासळीवर निघतात. गृहिणींनी म्हणूनच पावसाळ्याची बेगमी एप्रिल-मेमध्ये करावी, तेव्हा ऊन कडक असते आणि माल खडखडीत वाळलेला मिळतो. बोंबील बोटांत वाकवून पाहावा. तो लवचीक लागला तर आत पाणी आहे, आठ दिवसांत बुरशी धरेल. घरी आणून पुन्हा दोन उन्हे द्यावीत, आणि हवाबंद डब्यात ठेवावा. जवळा घेताना वाळू चाळून घ्यावी. आणि शक्य असेल तर किनाऱ्यावरच्या बाईकडूनच घ्यावा, मधल्या व्यापाऱ्याकडून नको. वजनात ती एक मूठ जास्तच टाकते.