स्वस्त ईव्हीचा स्क्रीन तुमच्या खिशातच आहे

गाडीतला मोठा टचस्क्रीन किंमत वाढवतो. फोन मात्र प्रत्येकाकडे असतोच. युरोपातल्या स्वस्त ईव्हींनी हे बरोबर हेरलंय!

2020 मध्ये आलेली सित्रोएन अमी बघा. कायद्याने ती कार नाहीच, हलकी चारचाकी आहे. लांबी 2.41 मीटर, बॅटरी 5.5 किलोवॉट-तास, वेग ताशी 45 किमी आणि रेंज साधारण 75 किमी. फ्रान्समध्ये चौदा वर्षांची पोरंही ती चालवतात. (हो, चौदा!) खर्च वाचवायला डावं-उजवं दार एकाच साच्यातलं, म्हणून दोन्ही उलट्या दिशांना उघडतात. टचस्क्रीन नाहीच, फोन डॅशबोर्डवर अडकवायचा. गाणी, नकाशा त्यावरच. रेंज किती उरली, चार्जिंग कधी पूर्ण होणार, हे अ‍ॅप सांगतं.

डाचिया स्प्रिंग म्हणजे आपल्या रेनो क्विडचीच बहीण. तिच्या खालच्या मॉडेलमध्येही टचस्क्रीनऐवजी फोन होल्डर मिळतो. अमेरिकेतल्या स्लेट कंपनीने एप्रिल 2025 मध्ये दाखवलेल्या इलेक्ट्रिक ट्रकमध्ये तर टचस्क्रीन नाही, स्पीकर नाहीत आणि काचाही हाताने फिरवायच्या.

मला ही कल्पना पटते. गाडीतला स्क्रीन काही वर्षांत मंदावतो; फोन आपण बदलतोच. फक्त उन्हात काचेजवळचा फोन भयंकर तापतो.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. एमजी कॉमेटसारख्या छोट्या गाडीतही, वरच्या मॉडेलला 10.25 इंचांचे दोन स्क्रीन! पण स्क्रीन असो वा फोन, कुठलीही ईव्ही घ्या, तिच्या अ‍ॅपची फुकट मुदत किती वर्षं, हे बुकिंगआधी विचाराच.