राजमा शिजला नाही, त्यात मिठाचा काय दोष?

पोर्तुगीज पद्धतीचं राजमा-सॉसेजचं सूप घरी करायचं म्हटलं, की कोणीतरी हमखास बजावतं, "मीठ अगदी शेवटी हं! आधी घातलंस तर राजमा जन्मात शिजायचा नाही." पाककृतींच्या पुस्तकांत हेच, मोबाइलवरच्या व्हिडिओंत हेच. कुकर उघडल्यावर दाणे टणक निघाले, की आरोपी आधीच ठरलेला असतो. गंमत म्हणजे हे बजावणारी मंडळी त्याच कुकरात राजम्याबरोबर दोन टोमॅटो बिनदिक्कत चिरून घालतात.

आता ज्यांचं हे सूप, ते काय करतात पाहा. टेगस नदीच्या खोऱ्यातलं आल्मेइरीं हे गाव 'सोपा दा पेद्रा' नावाच्या सुपासाठी पोर्तुगालभर प्रसिद्ध आहे. त्यात लाल घेवडा, डुकराचे कान, शोरिसु हे धुरावलेलं सॉसेज, रक्ताचं सॉसेज, बटाटा आणि वरून कोथिंबीर असते. मांस घेवड्याबरोबरच पातेल्यात जातं आणि त्यातलं बरंचसं मिठात मुरवलेलं असतं. मदेरा बेटावरचे मजूर १८७८ पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांच्यामागोमाग तिथे रुजलेल्या 'पोर्तुगीज बीन सूप'मध्येही खारवून धुरावलेला डुकराच्या पायाचा तुकडा सुरुवातीपासूनच उकळतो. मिठाने घेवडा अडून बसत असता, तर या लोकांच्या ताटात पिढ्यानपिढ्या गोट्याच पडल्या असत्या.

मग खरं काय? राजम्याच्या पेशींच्या भिंती पेक्टिनमुळे एकमेकींना चिकटून राहतात, आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम ही चिकटण घट्ट धरून ठेवतात. मिठातला सोडियम त्यांची जागा घेतो, तेव्हा पेक्टिन सैल पडतं आणि दाणा लवकर मऊ होतो. हॅरल्ड मॅगी यांच्या 'ऑन फूड अँड कुकिंग' या पुस्तकात हे नीट मांडलं आहे. न भिजवलेला दाणा खारट पाण्यात पाणी जरा सावकाश शोषतो, हे ते मान्य करतात. पण शेवटी तोही शिजतो. मिठाच्या पाण्यात आधी भिजवलेला मात्र साध्या पाण्यातल्यापेक्षा लवकर शिजतो. म्हणजे या समजुतीत सत्याचा अंश आहे तो एवढाच, आणि तोही आपल्या कामाचा नाही, कारण आपण राजमा भिजवतोच.

तरीही पटत नसेल, तर एकाच पाकिटातला राजमा दोन भांड्यांत रात्रभर भिजवा. एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात लिटरला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे सपाट अडीच लहान चमचे मीठ. सकाळी दोन्ही पाणी ओतून द्या आणि वेगवेगळे शिजवा. मिठाच्या पाण्यातल्या दाण्यांची सालं कमी फाटलेली दिसतील आणि चव आतपर्यंत उतरलेली असेल. शेवटी मीठ घातलेल्या राजम्याची चव कशी असते, हे सांगायला नको. रस्सा खारट आणि दाणा अळणी.

खरा अडथळा आंबटाचा. आम्लात पेक्टिन विरघळायला नाखूश असतं. टोमॅटो, व्हिनेगर, चिंच, वाइन यांतलं काहीही दाणा दोन बोटांत चेपला जाईपर्यंत भांड्यात जाता कामा नये. गोव्याचं सॉसेज, म्हणजे चोरीस वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. पोर्तुगालच्या शोरिसुचा स्वाद लसूण, लाल मिरचीची पूड, बऱ्याचदा वाइन आणि धूर यांचा. गोव्याच्या चोरीसात व्हिनेगर आणि मिरची ठासून भरलेली. ते राजम्याबरोबर कुकरात घातलं आणि दाणे अडले, तर दोष व्हिनेगरला द्या. आधी राजमा शिजवून घ्या, चोरीस वेगळं परतून मग त्यात सोडा.

उरलेले दोन गुन्हेगार म्हणजे जुना माल आणि जड पाणी. उष्ण, दमट हवेत महिनोन्‌महिने पडून राहिलेला राजमा पुढे कितीही उकळला तरी हट्टी राहतो. कोकणात आणि मुंबईत डब्याच्या तळाशी राहिलेला गेल्या वर्षीचा राजमा सुपाला वापरायचा मोह टाळलेलाच बरा. बोअरवेलच्या पाण्यातलं कॅल्शियमही दाणा घट्ट करतं. अशा वेळी चिमूटभर सोडा चालतो. चिमूटभरच, कारण जास्त झाला तर सूप साबणासारखं लागतं.

दुसरा गैरसमज हसण्यावारी नेण्यासारखा नाही: "मंद आचेवर, स्लो कुकरमध्ये दिवसभर ठेवला, की झालं." लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन असतं. कच्चे चार-पाच दाणेदेखील उलट्या-जुलाब व्हायला पुरतात, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची, एफडीएची, पुस्तिका सांगते. दाणे ८० अंशांपर्यंतच तापले, तर विषारीपणा कच्च्याहूनही वाढू शकतो, हेही तिच्यात आहे. स्लो कुकरमध्ये नेमकं हेच होण्याची भीती असते. त्यामुळे किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात ३० मिनिटं खळखळ उकळा आणि मग वाटल्यास मंद आचेवर ठेवा. प्रेशर कुकर आणि डबाबंद राजमा यांत हा धोका नाही. पांढऱ्या घेवड्यात हे लेक्टिन बरंच कमी असतं.

बाकीचे समज झटपट उरकू. घट्टपणासाठी कॉर्नफ्लोअर किंवा साय लागत नाही; पोर्तुगीज घरांत शिजलेल्या घेवड्यातला थोडा वाटून परत सुपात घालतात. "मिरची त्यांनीच आणली, म्हणजे त्यांचं जेवण जहाल" हेही खोटं. त्यांच्या सुपात सौम्य लाल मिरचीच असते, तिखट हवं तर पिरी-पिरी वरून. हे सूप प्राचीन आहे, असंही ऐकू येतं. राजमा, बटाटा, टोमॅटो, मिरची हे सगळं अमेरिका खंडातलं, त्यामुळे कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीआधी पोर्तुगालच्या पातेल्यात यांतलं काहीच नव्हतं. तेव्हा तिथे चवळी आणि बाकला शिजत. राजमा आपला मूळचा उत्तर भारतातला, हा समजही त्याच कारणाने बाद.

आता सूप करताना: त्यात कोबी घालणार असाल, तर तो पहिल्यापासून उकळू नये. बटाटा आणि गाजर मऊ झाल्यावर, सूप उतरवायच्या आठ-दहा मिनिटं आधी घालावा, नाहीतर त्याचा उग्र वास सगळ्या सुपाला लागतो. आणि दुसऱ्या दिवशी सूप घट्ट गोळा झालं, तर ते बिघडलेलं नसतं. स्टार्चने पाणी धरून ठेवलेलं असतं. गरम पाणी घालून सारखं करा. मीठ तेव्हा चाखून बघा, कारण सॉसेजमधलं मीठ रात्रभर रश्शात उतरतच असतं.