बरोबरीतून काय शिकायचं?

'निकालच आला नाही' असं म्हणून पहिल्या प्रयोगाची वही बाजूला ठेवायच्या आधी एक डाव बघा.

जुलै २०२५. जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषकाची अंतिम फेरी सुरू होती. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होती, समोर कोनेरू हम्पी. ओपनिंग होतं क्वीन्स गॅम्बिट ॲक्सेप्टेड: पांढऱ्याचं प्यादं डी४ वर, काळ्याचं डी५ वर, मग पांढरा सी४ वर प्यादं देऊ करतो आणि काळा ते घेतो. काळ्याला ते प्यादं सहसा टिकवता येत नाही, पण पांढरा ते परत मिळवेपर्यंत त्याची मोहरी मोकळी होतात. ४१ चालींनंतर डाव बरोबरीत सुटला.

म्हणजे काहीच घडलं नाही? आकडा लावून बघू. दोघींच्या रेटिंगमध्ये साधारण ८० गुणांचा फरक होता, हम्पी वर. इलो सूत्रानुसार अशा वेळी दिव्याकडून अपेक्षित गुण ०.३९. मिळाला ०.५, म्हणजे ०.११ जास्त. या पातळीवर गुणक १० असतो, म्हणून दिव्याच्या खात्यात १.१ रेटिंग जमा आणि हम्पीच्या खात्यातून तेवढंच वजा. निकाल दोघींसाठी एकच, अर्थ मात्र उलटा. कारण अर्थ निकालात नसतो, तो निकाल आणि अपेक्षा यांच्या फरकात असतो. म्हणून प्रयोगाआधी अपेक्षा लिहून ठेवा. नंतर लिहिली तर ती हमखास निकालासारखीच निघते!

आता उलट बाजू. १.१ म्हणजे किरकोळच. गुणक लहान ठेवलाय तो यासाठीच, की एका डावाने अंदाज हलू नये. शिवाय हे सूत्र रंग बघत नाही. पांढऱ्याला पहिल्या चालीचा थोडा फायदा असतो, तो धरला तर दिव्याची खरी अपेक्षा ०.३९ पेक्षा जास्त आणि तिची 'कमाई' कमी. तुमच्या मोजमापातही असा न मोजलेला 'रंग' असतो, तो शोधा. आणि या एका डावावरून 'हे ओपनिंग काळ्याला सुरक्षित' असंही म्हणता येत नाही. खेळाडू, रंग, ओपनिंग सगळं एकात एक गुंतलंय.

पुढे दुसरा डाव बरोबरीत, टायब्रेकचा पहिला रॅपिडही बरोबरीत. २८ जुलैला दुसरा रॅपिड दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि ती विजेती ठरली, ग्रँडमास्टरही झाली. त्या तीन अर्ध्या गुणांशिवाय चौथा डाव निर्णायक ठरलाच नसता.

तेव्हा वहीत 'निकाल नाही' लिहू नका. 'बरोबरी' लिहा, शेजारी अपेक्षा लिहा आणि पुढचा डाव मांडा.