गणित येते, प्रश्न अडतो

शनिशिंगणापूरचे नाव निघाले की लोक दारे नसलेल्या घरांबद्दल बोलतात. 2011 मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा आम्हा बँकवाल्यांनाही मोठे नवल वाटले होते. माझे लक्ष मात्र तिथे गेलो की दुकानात वडिलांशेजारी उभ्या असलेल्या पोरांकडे जाते. शनी अमावस्येच्या गर्दीत तेल, रुईची माळ, नारळ असा हिशेब नऊ-दहा वर्षांचा मुलगा तोंडी करतो आणि शंभराच्या नोटेतले उरलेले पैसे बिनचूक परत देतो. असाच एखादा मुलगा शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिकेतल्या शाब्दिक उदाहरणापुढे थबकतो. मग घरात निकाल लागतो: ‘याचं गणित कच्चं!’

खरेच तसे असते का? बँकेत मी असे शेतकरी पाहिले, जे व्याज बोटांवर काढत. पण पैसे काढायची स्लिप पुढे केली की त्यांना घाम फुटे. आकडे त्यांना येत होते. अडत होती ती कागदावरची भाषा.

एक उदाहरण घ्या. तेलाची बाटली 20 रुपयांना, माळ 15 रुपयांना. 3 बाटल्या व 2 माळा घेऊन 100 रुपये दिले, तर किती परत मिळतील? उत्तर 10. मुलाने 90 लिहिले, तर त्याचा गुणाकार आणि बेरीज दोन्ही बरोबर आहेत. शेवटी काय विचारले तेवढे निसटले. त्याने 65 लिहिले, तर ‘3’ आणि ‘2’ वाचायचे राहून गेले. दोन्ही मुलांना पाढे घोकायला बसवून काय साधणार? म्हणून आईवडिलांनी चुकीवर फुली मारण्याआधी ती कुठून आली ते पाहावे. उदाहरण सोडवण्यापूर्वी मुलाला विचारावे, ‘यात काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग.’ रोज चार-पाच उदाहरणे अशी झाली तरी पुरेत.

घड्याळ नंतर आणावे. पाचवीच्या शिष्यवृत्तीत एका पेपरला 75 प्रश्न आणि 90 मिनिटे, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत 80 प्रश्नांना दोन तास, म्हणजे दीड मिनिट. समज पक्की झाल्यावर शेवटच्या काही आठवड्यांत हा वेग येतो. आधीच घड्याळ लावले, तर मूल वाचायचे सोडून अंदाजाने गोळे रंगवू लागते.

शिष्यवृत्ती 2017 मध्ये चौथीवरून पाचवीला गेली. 2025 मध्ये ती पुन्हा चौथीला आणायचे ठरले. शिवाय 2023-24 पासून पाचवीची वार्षिक परीक्षा आली. त्यात नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तीही न जमल्यास तोच वर्ग पुन्हा. नियम बदलत राहतील. परीक्षेला बसणारे मूल मात्र नऊ-दहा वर्षांचेच असेल, आणि या वयात कानावर पडलेले ‘तुला येत नाही’ फार काळ टिकते. शिष्यवृत्ती थोड्यांनाच मिळते. पण प्रश्न शांतपणे वाचायची सवय प्रत्येक मुलाला लावता येते, आणि पुढे बँकेच्या फॉर्मपासून कोर्टाच्या कागदापर्यंत तीच कामी येते.