दोन तासांची डिस्क, पावणेतीनशे तासांचे चित्र

घरगुती डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डरच्या खोक्यावर सर्वात ठळक छापलेला असतो तो तासांचा आकडा. तो डिस्कच्या आकारावर जितका, तितकाच चित्र किती आवळून भरले यावर ठरतो. १९९९ साली अमेरिकेत आलेला टिवो कंपनीचा पहिला रेकॉर्डर १४ तासांचा म्हणवला जाई. पण ते तास सर्वात हलक्या प्रतीच्या चित्राचे. उत्तम प्रत निवडली की उरत जेमतेम चारेक.

फुल एचडीच्या एका चौकटीत २०,७३,६०० ठिपके. प्रत्येकाला तीन बाइट आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर तासाला सुमारे ५६० जीबी होतात. म्हणजे टी-ट्वेंटीचा दुसरा डाव सुरू होता होताच एक टीबीची डिस्क गच्च! प्रत्यक्षात चित्र आवळून सेकंदाला ८ मेगाबिटने तीवर पावणेतीनशे तास मावतात.

ही किमया ज्या गणितावर उभी आहे, त्याचे नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. मिरच्या एकेक मोजून न मागता पाव किलो मागाव्यात, तसे हे गणित आठ बाय आठ ठिपक्यांच्या तुकड्याची सरासरी छटा आधी सांगते. मग तीत ढोबळ चढउतार किती, बारीक किती, ते. कोऱ्या भिंतीच्या तुकड्याला जवळपास एकच आकडा पुरतो. डोळ्याला न जाणवणारे बारीक चढउतार गाळले जातात. बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी १९७२ मध्ये या कल्पनेसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो नाकारला गेला. एका परीक्षकाला कल्पना फारच साधी वाटली होती. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये शोधनिबंध छापला. जाहिरातीत टेराबाइट मिरवतात, या तिघांचा उल्लेख कुठेच नसतो.

निवडताना आधी ट्यूनर मोजावेत. एकच ट्यूनर असेल तर आठची मालिका रेकॉर्ड होत असताना सामना बघता येत नाही, आणि ट्यूनर मागाहून वाढवता येत नाहीत. महागड्या वेगवान डिस्कचा आग्रह मात्र फुकाचा: दोन एचडी चॅनेल मिळून सेकंदाला २ एमबीच लिहिले जातात. थेट प्रक्षेपण थांबवण्याची सोय असलेला रेकॉर्डर टीव्ही चालू असेतोवर लिहीतच असतो, म्हणून सीसीटीव्हीसाठी बनवलेली, कमी तापणारी डिस्क बरी. उष्णता कोंडू नये म्हणून रेकॉर्डरच्या डब्यावर भरतकामाचा रुमालही टाकू नये.

बाहेरून जोडलेली डिस्क बहुतेक डबे आधी पुसून घेतात; लग्नाचे फोटो असलेली जोडू नये. रेकॉर्डिंग सहसा कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच डब्यात. डिस्क नव्या डब्यात घातली तरी जुने भाग उघडत नाहीत, तेव्हा जुना डबा परत करण्याआधी राहिलेले भाग बघून घ्यावेत.