प्रोजेक्टरचा दिवा लाइट गेल्यामुळेच जातो का?

धुळ्याच्या देवपुरात घरच्या प्रोजेक्टरचा दिवा मुदतीआधी गेला की ठपका लाइटीवर येतो. लाइट अचानक गेल्याने दिव्याला त्रास होतो, यात खोटं नाही. पण बहुतेक वेळा दिव्याचं आयुष्य खातो तो त्याच्याभोवती साचलेला उष्मा, आणि तो का साचतो हे कळायला दिव्याची घडण समजायला हवी. दिव्यावर चालणाऱ्या घरगुती प्रोजेक्टरांत बहुधा फिलिप्सने १९९५ मध्ये आणलेल्या यूएचपी जातीचा दिवा असतो. त्यात तार नसते. क्वार्ट्झच्या इवल्याशा कुपीत टंगस्टनची दोन टोकं साधारण १ मिलिमीटर अंतरावर असतात आणि पाऱ्याच्या वाफेतून त्यांच्यामध्ये ठिणगी अखंड जळत राहते. वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे २०० पट होतो, कुपीचं तापमान हजार अंशांच्या घरात जातं. आतला किंचित ब्रोमिन उडालेलं टंगस्टन काचेवर बसू देत नाही, परत टोकांकडे नेतो. हे चक्र ठरावीक तापमानातच नीट चालतं. उष्मा वाढला की क्वार्ट्झ पांढुरकं आणि कमजोर होतं. फाजील गारवा झाला तर चक्र मंदावून काच काळवंडते.

लाइट जाते तेव्हा पंखाही थांबतो आणि तापलेल्या कुपीचा उष्मा जागच्या जागी कोंडतो. एखाद्या वेळी असं झाल्याने दिवा मरत नाही. लाइट येताच बटण दाबण्याची घाई मात्र महागात पडते, कारण गरम कुपीतला दाब इतका असतो की ठिणगी पडत नाही आणि पुन:पुन्हा प्रयत्न करण्यात टोकं झिजतात. प्रोजेक्टर पुरता निवू द्यावा. स्टॅबिलायझर विजेचा दाब सांभाळतो, गेलेली लाइट आणत नाही. त्यासाठी यूपीएस लागतो. इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवावा, नाहीतर वीज बदलतानाच्या क्षणभरात प्रोजेक्टर बंद पडू शकतो.

आता उष्म्याकडे. बऱ्याच प्रोजेक्टरांना खोलीतली हवा ३५ अंशांपर्यंतचीच चालते, आणि धुळ्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. त्यात पांझरा नदीकाठच्या वाऱ्याबरोबर घरात शिरणारी माती फिल्टरच्या जाळीवर थर धरते. पंखा फिरताना ऐकू येतो, म्हणून हवा पोचते आहे असं वाटतं. जाळी तुंबली असेल तर पोचत नाही. उन्हाळ्यात जाळी पंधरवड्याने काढून पाहावी, हवेच्या झरोक्यांपुढे मोकळी जागा ठेवावी, छताला टांगलेला प्रोजेक्टर लाकडी पेटीत कोंडू नये. कूलर लावला तर खोली गार होते ना, असं कुणी म्हणेल. होते, आणि तेवढा फायदा घ्यावाच. मात्र कूलरचा झोत थेट प्रोजेक्टरवर नको. त्यातले पाण्याचे तुषार क्षारांसह आत जातात.

पंखा जोरात फिरावा म्हणून काहीजण हाय अल्टिट्यूड मोड लावतात. तो साधारण १,५०० मीटरवरच्या विरळ हवेसाठी आहे. धुळे २५० मीटरच्या आसपास आहे, डोंगरावरचं तोरणमाळसुद्धा १,५०० ला पोचत नाही. खोली ३५ अंशांच्या आत असताना हा मोड चालवला तर वर सांगितलेला फाजील गारवा होतो.

मेनूमधला ब्राइटनेस कमी केल्याने दिव्यावरचा भार हलका होतो, ही समजूतही खोटी. त्याने फक्त चित्र काळपट होतं, दिवा तेवढ्याच ताकदीने जळत राहतो. वीज कमी होते ती इको मोडने. त्यावर दिवा बराच जास्त टिकतो. काही मॉडेलांत सतत इकोवर चित्र लुकलुकू लागतं, तेव्हा अधूनमधून पूर्ण ताकदीवर चालवावं. आणि जेवायला उठताना तास वाचवण्यासाठी बंद करू नये: प्रत्येक वेळी पेटवताना टोकांची झीज होते, तेवढ्या वेळात वाचलेल्या मिनिटांपेक्षा ती जड पडते.

खोक्यावरचे ३,००० तास म्हणजे त्या क्षणी दिवा फुटणार, असं नाही. तो आकडा बहुधा उजेड निम्म्यावर येण्याचा असतो. पण त्यानंतर जुनं क्वार्ट्झ फुटण्याची शक्यता वाढत जाते, म्हणून मुदतीच्या फार पुढे ताणू नये. फुटलाच तर खिडक्या उघडून खोलीबाहेर जावं, कारण आत पारा असतो. लेझरच्या प्रोजेक्टरला हा दिवाच नाही, मग ही काळजी कशाला? त्याचा उजेड वीस-वीस हजार तास टिकतो, हे खरं. पण लेझरही उष्म्याने खालावतो, आणि त्याच्या झरोक्यांतही हीच धूळ जाते.