तोंडी सांगितलेलं धरत नाहीत

तळोजा एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये टेबलं सरकवून वर्ग भरला होता. समोर फिटर, ऑपरेटर, एक इलेक्ट्रिशियन. सगळे सुरक्षा समितीवर कामगारांच्या बाजूने नव्याने निवडून आलेले. शिकवायला एक निवृत्त कारखाना निरीक्षक. त्यांनी टेबलावर लाल कुलूप आणि टॅग ठेवला. "रिअ‍ॅक्टरमध्ये उतरायचंय. आधी काय कराल?"

उत्तरं भराभर आली, आणि चोख आली. अ‍ॅजिटेटरच्या मोटारीचा आयसोलेटर पाडायचा. उतरणाऱ्या प्रत्येकाने आपलं कुलूप लावून किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची. मग बटण दाबून मोटार खरंच बंद आहे ना, ते बघायचं. पाइपलाइनचा नुसता व्हॉल्व्ह फिरवून भागत नाही, ब्लाइंड टाकायचं; नायट्रोजनच्या लाइनला तर आधी, कारण त्याला वास नाही आणि माणूस दोन श्वासांत आडवा होतो. ऑक्सिजन वर, मध्ये आणि तळाशी मोजायचा. आत नेलेला हातदिवा २४ व्होल्टच्या वरचा नको. मॅनहोलपाशी उभ्या माणसाने जागा सोडायची नाही, आणि आतला कोसळला तरी त्याच्यामागे उतरायचं नाही.

"एवढं येतंय तर मला कशाला बोलावलंत?" साहेब हसले. खरा वर्ग जेवणानंतर होता.

त्यांनी लुटुपुटूची बैठक मांडली. स्वतः झाले प्रॉडक्शन मॅनेजर. एक तरुण फिटर उठला. "साहेब, पंपाचा गार्ड निघालाय, जरा बघा."

"कुठला पंप? कुठला गार्ड? कधीपासून?"

पंपाचा नंबर निघाला, कपलिंगचा गार्ड म्हणून कळलं, दिवाळीच्या आधीपासून तो खाली पडून आहे हेही निघालं. फोरमनला दोनदा सांगून झालं होतं. तोंडी.

"बरं. पुढच्या शटडाउनला बघू."

"ठीक आहे साहेब," म्हणत फिटर बसला.

"बसलास कशाला? शटडाउन कधी आहे? गार्ड कोण बसवणार? तोवर पंप चालू ठेवायचा का? हे सगळं इतिवृत्तात आलं का? नाही आलं तर तू बोललाच नाहीस असं धरतात."

फिटर पुन्हा उठला. तिसऱ्या खेपेला त्याच्या तोंडून तारीख मागितली गेली. धोका कुठे आहे हे या माणसांना साहेबांपेक्षा जास्त कळतं. खुर्चीत बसलेल्याकडून तारीख वसूल करणं मात्र कुणी शिकवलेलं नसतं.

कायद्याने कामगाराला समितीत खुर्ची दिली ती भोपाळनंतर. १९८४ची वायुदुर्घटना झाली, आणि १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती करून धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची समिती सक्तीची केली गेली. जिवावरचा धोका दिसला तर तो या प्रतिनिधींमार्फत व्यवस्थापनाच्या कानावर घालायचा हक्कही त्याच दुरुस्तीने दिला. २०२०च्या कामगार-सुरक्षेच्या संहितेतही समितीत कामगारांची संख्या मालकाच्या माणसांपेक्षा कमी असता कामा नये. आकड्यांची बरोबरी झाली. पण टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस या बाजूच्याची रजा मंजूर करतो, त्याला कायदा काय करणार?

शेवटी लेखी चाचणी झाली, सगळे उत्तीर्ण झाले, प्रमाणपत्रं वाटून फोटो निघाला. माझ्या मते खरी परीक्षा दुपारची होती. तिला गुण नव्हते.

निघता निघता इलेक्ट्रिशियनने विचारलं, "साहेब, टाक्या धुवायला उतरतात ती ठेकेदाराची पोरं. त्यांच्यातलं इथे कोणीच नाही. त्यांचं मी मांडलं तर चालेल?"

"न चालायला काय झालं? आधी त्यांच्याशी बोल. आणि परमिट बघून ये."

तो तिथूनच कंट्रोल रूममध्ये गेला. मीही मागोमाग गेलो. फायलीतल्या वरच्याच परमिटवर आत उतरणाऱ्यांच्या रकान्यात लिहिलं होतं: 'हेल्पर – ४'. नाव एकाचंही नाही. त्याने खिशातून पेन काढलं, परमिटचा नंबर आणि तारीख तळहातावर टिपून घेतली, आणि पुढची बैठक कधी आहे ते शिफ्ट इनचार्जला विचारलं.